अडीच फुटांची छत्री

रॉकेट वर पाठवणं फारसं अवघड नाही, ते धड खाली आणणं अवघड आहे, असं शैलजा मगदूम आपल्या शेडमध्ये नव्यानं लागलेल्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगायची. मग तिच्या हातात एक पॅराशूट देऊन घडी घालायला लावायची. नवी बाई ते साडीसारखं चापूनचोपून दुमडायची. शैलजा न रागावता ते उलगडायची आणि म्हणायची, "असं बसवलं तर हे उघडणारच नाही. ते कपाटात ठेवायचं नाहीये, हवेत सोडायचं आहे."

इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या वस्तीत ही शेड होती. पूर्वी तिथं शाळेची दप्तरं शिवली जायची. पुढं लागोपाठ तीन वर्षं गारपिटीनं तासगाव-जतकडच्या द्राक्षबागा झोपवल्या आणि सरकारनं तालुक्यातालुक्यात केंद्रं उघडून हवामानाची छोटी रॉकेटं उडवायला सुरुवात केली. आठ फूट उंचीचं, आठ किलो वजनाचं रॉकेट तीन किलोमीटर वर ढगाच्या पोटात शिरायचं. तिथलं बाष्प, वारा, गारांचे कण मोजून परत यायचं. त्याच्या टोकातलं उपकरण पुन्हा पुन्हा वापरायचं असल्यानं परत येणं महत्त्वाचं होतं, आणि त्यासाठी लागणारं सगळं शिवणकाम शैलजाच्या शेडमध्ये होऊ लागलं. बाया पॅराशूटला छत्रीच म्हणत.

एका रॉकेटला दोन छत्र्या असत. रॉकेट वर पोचलं की आत चिमूटभर दारूचा बार व्हायचा आणि नळीचे दोन भाग सुटे व्हायचे. त्या दोन भागांना एका लांब दोरीनं एकमेकांशी बांधलेलं असायचं. तिचं नाव झटकादोरी. आधी छोटी छत्री उघडायची. ती रॉकेटला फक्त आवरून धरायची, म्हणजे ते वेगानंच पण सरळ खाली येत राहायचं. जमीन दोनशे मीटरवर आली की सहा फुटांची मोठी छत्री उघडायची आणि रॉकेट हळूच मातीवर टेकायचं. मोठी छत्री वरच उघडली तर रॉकेट आठ मिनिटं तरंगत राहणार, आणि वारा त्याला चार किलोमीटर लांब कुणाच्या तरी विहिरीत नेऊन टाकणार.

झटकादोरीचं गणित वेगळंच होतं. नायलॉनची दोरी ताणली जाते, झटका पोटात घेते, पण दारूच्या भपक्यानं वितळते. अ‍ॅरामिडची दोरी, म्हणजे गोळी अडवणाऱ्या जाकिटांत असतो त्या धाग्याची, जळत नाही, पण ताणलीही जात नाही. सगळा झटका सरळ गाठीवर येतो. म्हणून ती लांब ठेवायची, म्हणजे ताठ होईपर्यंत दोन्ही भागांचा वेग थोडा मरतो. किती लांब, किती जाड, गाठ कुठली, हे सगळं त्या काळी नसीमा शिकलगार ठरवायची. छत्री शैलजाची आणि दोरी नसीमाची, अशी वाटणी होती. दोघी एकोणीस वर्षांच्या असताना एकाच शिवणक्लासात शेजारच्या मशीनवर बसायच्या. पुढं शेडही दोघींनी मिळूनच काढली.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात जतच्या माळावर ही जोडी मोडली.

त्या दिवशी रॉकेटमध्ये नवं, नाजूक उपकरण जाणार होतं. नसीमा भाचीच्या लग्नाला मिरजेला गेली होती. जाताना तिनं सगळी जोडणी तयार करून ठेवली होती: बारा मीटर अ‍ॅरामिडची दोरी आणि दीड फुटांची छोटी छत्री. माळावर वारा होता. उपकरणाला धक्का बसू नये म्हणून शैलजानं आयत्या वेळी दीड फुटांची छत्री काढून अडीच फुटांची लावली. मोठी छत्री म्हणजे जास्त सुरक्षित, असं तिला वाटलं, आणि तिथं असलेल्या सगळ्यांनाच वाटलं. रॉकेट वर गेलं, बार झाला, छत्री उघडली आणि दोरी तुटली. टोकाचा भाग छत्रीसकट वाऱ्यावर निघून गेला. उरलेली नळी सरळ खाली आली आणि केंद्राच्या पत्र्याच्या खोलीवर कोसळली. खोलीत केंद्राचा तंत्रज्ञ हणमंत कोळेकर बसला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

चौकशी समिती बसली. संगणकाच्या गणितानुसार रॉकेट सर्वांत वर पोचतं तेव्हा जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे छत्री कितीही मोठी असली तरी झटका मामुली. मग उरली ती बारीक, काळवंडलेली दोरी. समितीनं शैलजाला विचारलं, "दोरी कोणी निवडली होती?"

"नसीमानं," शैलजा म्हणाली.

ते खरं होतं. छत्री बदलल्याची नोंद वहीत होती, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. अहवालात "दोरीची निवड अयोग्य" असं आलं. नसीमा आठवड्याभरात शेड सोडून मिरजेला गेली. शैलजानं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा शैलजानं केला नाही. मनात एक शंका होती, पण ती मोजून बघायला काही साधन नाही, असं तिला स्वतःला सांगता येत होतं.

साधन आलं ते डॉ. तेजल वणकुद्रेच्या पिशवीतून.

तेजल इचलकरंजीचीच मुलगी. पुण्यात धाग्यांच्या रसायनावर संशोधन करून नुकतीच परतली होती. एका सकाळी तिनं शेडमधल्या टेबलावर फिकट पिवळ्या धाग्याचं रीळ ठेवलं आणि त्यातला हातभर तुकडा कापून शैलजाला दिला.

"काकू, ओढा जोरात."

शैलजानं धागा दोन्ही मुठींना गुंडाळून ओढला. मधोमध धागा हिरवा झाला. तिनं हात सैल सोडले, तरी तो हिरवाच राहिला.

"रंग जात नाही?"

"नाही. तीच तर गंमत आहे." तेजल स्टुलावर बसली. "या धाग्याच्या रेणूत एक छोटी कडी आहे, बंद. धागा एका मर्यादेपलीकडे ताणला की ती कडी उघडते. उघडलेली कडी प्रकाश वेगळा शोषते, म्हणून आपल्याला वेगळा रंग दिसतो. असे रेणू पूर्वीपासून माहीत होते, पण उन्हात ठेवले की कडी परत मिटायची आणि रंग उडायचा. आम्ही ती मिटू देत नाही. तीन प्रकारच्या कड्या घातल्यात. दोरीला शंभर किलोचा ताण बसला तर आतला हा धागा हिरवा, दीडशेला निळा, दोनशेच्या वर जांभळा. दोरी कुठं, किती ताणली गेली ते नंतर नुसतं बघून कळेल."

मशीनवर बसलेल्या मालनबाईंनी पाय थांबवला. "म्हणजे आमच्या शिवणीची चुगली करणार म्हणा की हा."

"चुगली नाही हो मावशी. साक्ष."

"साक्ष झाली तरी कुणाच्या तरी विरुद्धच असती ती," मालनबाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालू केलं.

तेजलला धाग्याची चाचणी खऱ्या उड्डाणात हवी होती. चार उड्डाणांची परवानगी मिळाली होती, जतच्या केंद्रावर. दोऱ्या शिवून द्यायच्या, छत्र्या निवडायच्या आणि सोबत यायचं, एवढं तिचं मागणं होतं. शैलजा सहा वर्षांत जतला गेली नव्हती. माल टेम्पोनं जायचा. पण तेजलला नाही म्हणायला काही कारण सापडेना.

जानेवारीतल्या एका सकाळी दोघी माळावर पोचल्या. ज्वारी काढून झाली होती. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या. केंद्राला आता सिमेंटचं छप्पर होतं आणि दारात हणमंत कोळेकर उभा होता. तो पुढं आला तेव्हा डावा पाय जरा फेकत चालला.

"या बाई. लई दिसांनी," तो म्हणाला. "चहा टाकलाय."

शैलजानं त्याच्या पायाकडे बघायचं टाळलं. हणमंतच्या ते लक्षात आलं.

"दुखत न्हाई आता. थंडीत जरा कुरकुरतंय, तेवढंच. मागल्या खेपंला नसीमाभाभींनीबी हेच इचारलं."

"नसीमा इथं आली होती?"

"दरसाल येत्यात की. ईद झाली का एक दिवस ठरलेला. शेवया आणत्यात, तेलाची बाटली आणत्यात पायाला लावायला. मी म्हणतो, भाभी, एवढ्या लांबनं कशाला? तर म्हणत्यात, माझ्या दोरीनं तुमचा पाय गेला, हणमंतभाऊ, मला यायलाच पायजे." त्यानं कपात चहा ओतला. "म्या किती येळा सांगितलं, पण ऐकत न्हाईत."

शैलजानं चहा घेतला. तो गोड होता की नाही हे तिला कळलं नाही. नसीमा मिरजेहून एस.टी.नं इथं येत होती, सहा वर्षं, दरवर्षी. आणि आपण टेम्पोतून माल पाठवत होतो.

बाहेर तेजल रॉकेटची नळी टेकवून दोरी मोजत होती. शैलजा तिच्यापाशी गेली.

"चारही उड्डाणं नेहमीच्या जोडणीनं करणार आहेस ना?"

"हो."

"त्यातली दोन मला दे. अपघाताच्या दिवशीची जोडणी पुन्हा करायची आहे. तीच बारीक दोरी, तीच गाठ, बारा मीटर. एकदा दीड फुटांच्या छत्रीनं आणि एकदा अडीच फुटांच्या. दोन्हींत तुझा धागा."

तेजलनं वर पाहिलं. तो अहवाल तिनं वाचला होता. "दोरी परत तुटली तर?"

"शेजारनं जाड नायलॉन सैल सोडू, भपका लागू नये म्हणून न जळणारं कापड गुंडाळून. बारीक दोरी धरून असेपर्यंत त्याच्यावर ताण येणार नाही. ती तुटली तर नायलॉन धरेल."

"आणि काकू, उत्तर काय येईल याचा अंदाज आहे तुम्हाला?"

"आहे," शैलजा म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

हणमंत सगळं ऐकत होता. त्यानं वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या पडद्याकडे बघितलं. "त्या दिसाएवढा वारा दुपारी सुटंल," एवढंच म्हणाला.

दुपारी एक वाजता पहिलं रॉकेट उडालं. दीड फुटांची छत्री. आकाशात पांढरा ठिपका फुटला, नंतर सरळ खाली आला, शेवटी मोठी लाल छत्री उघडली आणि रॉकेट आठशे पावलांवर टेकलं. शैलजा धावतच तिथं गेली. दोरी पिवळीच होती. गाठीपाशी बोटभर जागा जेमतेम हिरवट झाली होती.

दुसरं दोन वाजता. अडीच फुटांची छत्री. पांढरा ठिपका या वेळी मोठा दिसला, आणि रॉकेट क्षणभर अडखळल्यासारखं झालं. मग तेही खाली आलं. नायलॉननं धरलं होतं. बारीक दोरीची दोन टोकं हवेत लोंबत होती. शैलजानं तुटलेलं टोक तळहातावर घेतलं. ते पिकल्या जांभळासारखं गडद होतं. गाठीपासून वीतभर अंतरापर्यंत तोच रंग.

केंद्रात बसून तेजलनं उड्डाणाची नोंद उघडली. "हे बघा. सर्वांत वर पोचलं तेव्हा रॉकेट थांबलेलं नव्हतंच. वाऱ्याकडे झुकत गेलं आणि आडवं होऊन तासाला दोनशे किलोमीटरच्या वेगानं पळत होतं. समितीनं ते उभं धरलं, म्हणून त्यांचं गणित चुकलं. त्या वेगात छत्री उघडली की झटका तिच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो. दीड फुटांची असेल तर पाऊणशे किलो. अडीच फुटांची दिसायला थोडीच मोठी, पण क्षेत्रफळ पावणेतीनपट. दोनशेच्या वर गेलं."

"आणि दोरी किती धरते?"

"तीनशे. पण गाठ मारली की जोर निम्मा होतो. दीडशे." तेजल थांबली. "दीड फुटांच्या छत्रीला दुप्पट राखून ठेवलेलं होतं. ज्यानं ही दोरी निवडली त्यानं गाठही धरली होती आणि वाराही."

"तिनं," शैलजा म्हणाली.

संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. अजित सूतगिरणीतून निवृत्त झाला होता आणि शेडचे कागद तोच बघायचा. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"तुला कळलं ना? मग पुरे की," तो म्हणाला. "हणमंत बरा आहे. नसीमा तिच्या ठिकाणी आहे. हे लेखी दिलंस तर परवाना थांबवतील, नव्यानं परीक्षा घेतील. शेडवर अकराजणी आहेत, शैला."

"त्या अकराजणींना मी रोज शिकवते, चुकीची घडी दिसली तर उलगडा म्हणून."

"घडी वेगळी आणि हे वेगळं."

"तिला वाटतंय तिनं माणसाचा पाय मोडला. सहा वर्षं वाटतंय." शैलजाचा आवाज चढला नव्हता. "मला ते आज दुपारपासून एवढा वेळही सहन होईना."

अजितनं पुढं वाद घातला नाही. सकाळी ती एस.टी.ची वेळ बघायला लागली, तेव्हा त्यानं गाडी बाहेर काढलेली होती.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे. दारोदार वाळत घातलेले मोठे भोपळे, आत रंधा मारल्याचा आवाज. नसीमाच्या सासरचे चुलते तिथंच तंबोरे करायचे आणि ती त्यांच्या माडीवर वाद्यांच्या गवसण्या शिवायची. अजित गाडीतच थांबला. शैलजा जिना चढून वर गेली.

नसीमा एका तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवती टेप धरून माप घेत होती. केस बरेच पांढरे झाले होते. तिनं वर पाहिलं, टेप गुंडाळला आणि म्हणाली, "या. बसा."

तिनं तुम्ही म्हटलं, हे शैलजाला लागलं. ती सतरंजीवर बसली. भिंतीला दहाबारा तयार गवसण्या टांगल्या होत्या. त्यांचे पट्टे दुहेरी, आडवी-उभी शिवण घातलेले. तंबोऱ्याचं वजन चार किलो. त्या पट्ट्यांनी चाळीस किलो उचललं असतं.

शैलजानं पिशवीतून दोन दोऱ्या काढल्या आणि सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मग काहीही न गाळता सांगितलं. धागा कसा रंग बदलतो, काल जतला काय केलं, छत्री कुणी बदलली होती. समितीपुढं आपण काय बोललो आणि काय बोललो नाही, तेही.

नसीमानं पहिली दोरी उचलली. उजेडात नेऊन गाठ बघितली. मग दुसरी.

"गाठ हीच होती?"

"हीच. तुझी."

"लांबी?"

"बारा मीटर."

"वारा?"

"हणमंतनं थांबून तेवढाच घेतला."

नसीमानं तुटलेलं जांभळं टोक अंगठ्यानं चोळलं. रंग हाताला लागला नाही. "म्हणजे माझा हिशेब बरोबर होता."

"बरोबर होता."

"परत बोला."

"तुझा हिशेब बरोबर होता, नसीमा. चूक माझी होती. छत्रीची."

खाली कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. तीच तार पुन्हा पुन्हा वाजत राहिली. नसीमा खिडकीशी उभी होती. शैलजाला वाटलं ती रडेल, पण ती वळली तेव्हा तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी एकेरी शिवण घातली नाही. साधा पिशवीचा बंद लावताना हात थांबायचा माझा. माझा नवरा म्हणायचा, अगं तंबोरा आहे, हत्ती नाही. आणि तुझ्या मनात होतं ना? खरं सांग. शंका होती ना?"

"होती."

"मग बोलली का नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं? चुकलं म्हणाली असतीस तर आपण दोघींनी बसून गणित मांडलं असतं. तेच तर करायचो आपण."

"भ्याले," शैलजा म्हणाली. तिला याहून चांगला शब्द सुचला नाही, आणि सुचला असता तरी तो खोटा ठरला असता.

नसीमा खाली बसली. मग तिनं एक गवसणी ओढून घेतली आणि पट्ट्यावरची दुसरी शिवण कातरीच्या टोकानं उसवायला लागली. टाका टाका करत तिनं ती पूर्ण काढली. पट्टा ओढून बघितला. तो पक्का होता.

"जेवून जा," ती म्हणाली. "अजितभाऊंना बोलव वर. उन्हात कशाला बसवलंयस त्यांना?"

शैलजानं त्याच आठवड्यात लेखी कळवलं. अजित म्हणाला होता तसंच झालं. परवाना दोन महिने थांबवला आणि नव्यानं परीक्षा घेतली. ते दोन महिने शेडमध्ये द्राक्षवेलींवर घालायची जाळी शिवली गेली. मालनबाई कुरकुरल्या, पण कुणी काम सोडलं नाही. परीक्षेत शेड पास झाली. जुन्या अहवालाला एक पान जोडलं गेलं आणि त्यावर नसीमाचं नाव निर्दोष म्हणून आलं. हणमंतला पत्राची प्रत मिळाली, तेव्हा त्यानं नसीमाला फोन केला. "भाभी, आता शेवया द्यायला यायचं कारण ऱ्हायलं न्हाई म्हणा की." नसीमा म्हणाली, "कारण काढून येईन. तुमच्या चहात साखर जास्त असते, ती कमी करायला."

एक वाद मात्र पुढं उभा राहिला. हवामान खात्याला तेजलचा धागा सगळ्या रॉकेटांत हवा होता, पण काळ्या आवरणाखाली, शिक्का मारून. अपघात झाला तरच शिक्का फोडायचा आणि दोष कुणाचा ते ठरवायचं. सांगलीला त्यावर बैठक झाली. शैलजानं नसीमाला सोबत नेलं. नसीमा यायला तयार नव्हती. समित्यांचं नाव काढलं की तिचं तोंड कडू व्हायचं. पण आली आणि बोलली तीच.

"साहेब, पाय मोडल्यावर रंग बघून काय करायचं?" ती म्हणाली. "दोरी बांधणाऱ्या पोरीला तो उड्डाणाआधी दिसला पाहिजे. हिरवी झाली तर ती जपून वापरेल, निळी झाली तर बदलेल. शिक्का मारून ठेवलात तर ती घाबरत काम करेल. घाबरलेलं माणूस काय करतं ते आम्हाला दोघींना विचारा."

अधिकाऱ्यांनी दोन तास घेतले, पण आवरण पारदर्शक ठरलं.

वर्षभरात तो धागा सगळीकडे गेला. क्रेनच्या पट्ट्यांत, लिफ्टच्या दोरांत, जत्रेतल्या पाळण्यांत. गाड्यांच्या सीटबेल्टमध्येही आला, आणि अजितच्या बेल्टवर पहिल्याच महिन्यात निळा पट्टा उमटला. कुत्रं आडवं आलं होतं, असं तो म्हणाला. दुसऱ्या महिन्यात दुसरा उमटला तेव्हा त्यानं काही न सांगता गाडी हळू चालवायला सुरुवात केली. कुठं कुठं त्या धाग्यावरून भांडणंही झाली. एका कारखान्यात मुकादमानं रंग दिसू नये म्हणून पट्ट्यांना डांबर फासलं आणि कामगारांनी काम बंद केलं. तेजल अशा बातम्या वाचून अस्वस्थ व्हायची. शैलजा तिला म्हणायची, "धागा तुझा, पण तो बघायचा का लपवायचा ते माणसांचं."

नसीमा शेडमध्ये परतली नाही. गवसण्यांचं काम तिला आवडायला लागलं होतं आणि मिरज सोडायची नव्हती. पण महिन्यातून दोनदा ती इचलकरंजीला यायची, दोऱ्या तपासायची, नव्या बायांना गाठी शिकवायची आणि शैलजाशी छत्र्यांच्या मापावरून भांडायची.

पुढच्या फेब्रुवारीत नवं रॉकेट आलं. बारा किलोचं, पाच किलोमीटर जाणारं. त्याची पहिली जोडणी ठरवायला दोघी मिळून जतला गेल्या. शैलजानं मोठी छत्री सात फुटांची ठरवली होती, सव्वासात फुटांची नुसतीच जोडीला आणली होती.

"सव्वासात लागेल," नसीमा म्हणाली. "ओझं दीडपट झालंय."

"सव्वासात घेतली तर वाऱ्यानं पवनचक्क्यांकडे जाईल."

"मग वारा पडेपर्यंत थांब."

"किती वेळ?"

"पडेपर्यंत."

हणमंतनं दोघींकडे बघितलं आणि खुर्च्या सावलीत आणून मांडल्या. तेजल लॅपटॉप मिटून तिथंच बसली. नसीमानं डबा उघडला. वारा तासभर पडला नाही. त्या वेळात तिनं शैलजाला भाचीच्या लग्नाची गोष्ट सांगितली, इतकी वर्षं सांगायची राहिलेली. नवरदेवाची गाडी मिरजेतच रस्ता चुकून भलत्याच मांडवात जाऊन थांबली होती आणि तिथल्या लोकांनी त्याला सरबतही पाजलं होतं. शैलजा इतकी हसली की तिला ठसका लागला.

तीनच्या सुमारास पडद्यावरचा आकडा उतरला. हणमंतनं बटण दाबलं. रॉकेट गेलं, आवाज मागाहून आला, मग निळ्या आभाळात काहीच दिसेना. हणमंत डोळ्यांवर हात धरून उभा होता. तेजल आकडे मोजत होती. खूप वर एक ठिपका फुटला, सरळ रेषेत खाली यायला लागला, आणि जमिनीजवळ सव्वासात फुटांची छत्री भरून उघडली. रॉकेट कापणी झालेल्या रानात, बांधाच्या अलीकडे, अलगद आडवं झालं.

"सव्वासात," नसीमा म्हणाली.

"कळलं," शैलजा म्हणाली.

हणमंत जीप काढायला निघाला, पण नसीमानं त्याला थांबवलं. अंतर थोडंच होतं आणि ऊन मवाळ झालं होतं. तिनं पदर खोचला, चपला सावरल्या आणि ढेकळांतून वाट काढत निघाली. शैलजा तिच्या बरोबरीनं चालायला लागली. दोघी रॉकेटपर्यंत पोचेपर्यंत पुढच्या उड्डाणाला दोरी किती लांब ठेवायची यावरून पुन्हा वाद सुरू झाला होता.